पाडव्याच्या गवळणी

नवरात्र बसायच्या चार दिवस आधी माझ्या लेकीच्या आईचा फोन आला. पूर्वी मी तिला माझी बायको म्हणायचो. कागदोपत्री ती अजून आहेच, पण आम्हाला वेगळं राहायला लागून वर्ष उलटून गेलं होतं. ती आणि आमची नऊ वर्षांची मुलगी मुकुंदवाडीला, मी गारखेड्याला एका खोलीत. महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार माझा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. हे कोर्टात ठरलं नव्हतं, तिच्या स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून ठरलं होतं.

फोनवर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर देता आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडे येताना ती खूश नसते, आणि तुझ्याकडून परत आल्यावरही नसते. विचारलं तर म्हणते, छान होतं. दिवाळीपर्यंत बघू. दिवाळी झाली की मी तिला सरळ विचारणार आहे, रविवारी जायचंय का नाही. ती नाही म्हणाली तर मी पाठवणार नाही, आणि तू हट्ट करायचा नाहीस."

"ठीक आहे," मी म्हणालो.

हट्ट हा शब्द तिनं मुद्दाम वापरला होता. माझ्या हट्टाची तिला चांगलीच ओळख आहे. चुकीच्या रस्त्याला लागलो तरी गाडी मागे वळवायची नाही, असा माझा स्वभाव. तो सोबत घेऊन ती अकरा वर्षं राहिली. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी तोच हट्ट कामाला लावायचं ठरवलं. माझ्या हातात तीन दिवस होते: नवरात्रातला रविवार, कोजागिरीनंतरचा रविवार, आणि दिवाळीचा पाडवा. पाडवा तिनंच आपणहून दिला होता. त्या दिवशी लेक बापाला ओवाळते, तेवढं तरी होऊ दे, म्हणाली. तीन दिवसांत मला माझी मुलगी परत मिळवायची होती. मी कंबर कसली, एक वही आणली आणि त्यात तीन पानांवर तीन तारखा टाकल्या.

मी भूगोल शिकवतो, अकरावी-बारावीला. त्यामुळे नियोजन म्हणजे माझ्या हातचा मळ, असा माझा समज होता.

पहिल्या रविवारी मी तिला कर्णपुऱ्याच्या यात्रेला नेलं. नवरात्रात आमच्या शहरातली निम्मी लेकरं तिथं असतात आणि उरलेली तिथं जायचं म्हणून घरी रडत असतात. दुपारी ऊन उतरल्यावर गेलो. देवीच्या दर्शनाची रांग, नारळांचे ढीग, रेवड्यांच्या परड्या, भोंग्यांवर एकाच वेळी वाजणारी तीन गाणी आणि या सगळ्याच्या वर हळूहळू फिरणारे उंच पाळणे. मी तिला मोठ्या पाळण्यात बसवलं, होडीत बसवलं, भिंतीवरून मोटारसायकल फिरवणारा माणूस दाखवला. जिलबी घेतली, फुगा घेतला, मनगटावर मोराचं चित्र काढून घेतलं. वहीत लिहिलेलं सगळं झालं.

"आवडलं?" मी विचारलं.

"हो, छान होतं."

"अजून काय पाहिजे?"

"काही नको, बाबा."

आमच्या पुढ्यात एक पाच-सहा वर्षांचा पोरगा धुळीत गडबडा लोळत होता. त्याला प्लास्टिकची बंदूक पाहिजे होती आणि त्याचा बाप कमरेवर हात ठेवून "उठतो का देऊ एक?" असं ओरडत होता. लोक बघत होते. माझी मुलगी फुग्याची दोरी बोटाला गुंडाळून शहाण्यासारखी उभी होती. मला त्या बापाचा हेवा वाटला. इतका हेवा मला कुणाच्या नोकरीचा, घराचा कधी वाटला नाही. माझ्याकडे कुणी असं लोळून मागत नव्हतं. माझी पोरगी माझ्याकडे पाहुण्यासारखी यायची, पाहुण्यासारखी खायची, आणि जाताना चपला नीट जोडीनं ठेवल्यात का ते बघायची. एखाद्या पाहुण्याशी भांडण करता येत नाही, तसं माझं झालं होतं.

सहाला तिला सोडलं. दारात तिच्या आईनं विचारलं, "कसं होतं?" आणि मी जिन्यात असतानाच मला आतून ऐकू आलं, "छान होतं." त्या दोन शब्दांचा मला इतका राग आला की मी स्कूटरला किक मारताना पायच सोलून घेतला.

दुसऱ्या रविवारसाठी मी दौलताबाद निवडलं. पाळण्यात कुणीही बसवतं, किल्ला चढायला मात्र दम लागतो. दमलेलं पोर बापाच्या खांद्याला लागतं, असा माझा हिशोब. सकाळी स्कूटरवर पडेगावच्या बाजूनं निघालो. हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखं, दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं फुटलेली. किल्ल्याच्या दाराशी सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी, डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेली, माझ्या मुलीला म्हणाली, "आ जा बेटा, हाथ लगा के देख, कैसा नरम है. अब्बा को बोल, ले के देव." मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबाला पाहिजे असेल तर घेऊ." म्हातारी हसली. मी चार घेतली.

मग मी सुरू झालो. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही. हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, बघ, हे थर दिसतात का; हा खंदक कातळ फोडून केलेला; ही तटबंदी एकात एक कशी आहे; शत्रू इथून आला तर कुठं अडकेल. ती "हो बाबा, हो बाबा" करत चढत होती. अंधारीत शिरलो. ही म्हणजे डोंगराच्या पोटातून वर जाणारी काळोखी वाट, वटवाघळांच्या वासानं भरलेली. मोठी माणसंसुद्धा तिथं एकमेकांचा शर्ट धरतात. मी हात पुढे केला. तिनं भिंतीला हात लावला आणि एकेक पायरी चाचपत वर गेली. वर उजेडात आल्यावर तिचा ओठ थरथरताना मला दिसला, पण ती हात झटकून पुढे चालायला लागली. नऊ वर्षांच्या लेकराला भीती गिळायला कुणी शिकवलं? हा प्रश्न मी तिथं, त्या कातळावर उभं राहून स्वतःला विचारला आणि उत्तर मला माहीत असल्यामुळे पटकन पुढचा बुरूज दाखवायला लागलो.

परत उतरताना मात्र एक गोष्ट घडली. मेंढा तोफेजवळ ती थांबली. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, शिंगं वळलेली. तिनं त्या शिंगावरून बोट फिरवलं.

"खऱ्या मेंढ्याची शिंगं अशीच असतात?"

"अशीच. तुझ्या आत्याकडे चल, शे-सव्वाशे मेंढरं आहेत."

"हात लावता येतो?"

तिनं मला विचारलेला त्या दोन रविवारांतला हा पहिला खरा प्रश्न. मी वही काढली नाही, पण मनातल्या मनात पाडव्याचं पान भरून टाकलं.

माझी थोरली बहीण लासूर स्टेशनच्या पलीकडे तीन-चार किलोमीटरवर राहते. आमचं घराणंच मेंढरामागचं. मी शिकलो, शहरात आलो, पॅन्टला इस्त्री करायला लागलो. बहीण दाजींबरोबर मेंढरामागं राहिली. अलीकडे त्यांनी थोडी जमीन केली आहे, दोन खोल्या बांधल्या आहेत, एक गाय आहे. तरी दिवाळी झाली की दाजी मेंढरं घेऊन काढणी झालेल्या रानांकडे निघतातच. लग्नानंतर मी दिवाळीत बहिणीकडे गेलोच नव्हतो. कधी सासरी, कधी सहलीला, कधी उगाच. मुलीनं तर तिचं घर एकदाच, रांगत असताना पाहिलं होतं.

फोन केला तर बहीण म्हणाली, "येतोस का खरंच? का नुस्तं म्हंतोस? पोरीला आणतोस? मग मी गवळणी घालायचं ठिवते तिच्यासाठी. मेंढरं बी उशिरा सोडू."

पाडव्याला सकाळी मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनावरून आम्ही पॅसेंजर पकडली. तिनं नवा फ्रॉक घातला होता आणि तिच्या आईनं पिशवीत एक जुना ड्रेस, टॉवेल आणि हात धुवायची बाटली दिली होती. डब्यात माहेरी निघालेल्या बायका, त्यांच्या मांडीवर फराळाचे डबे, लेकरांच्या हातात टिकल्यांची पिस्तुलं. पोटूळ गेल्यावर मी तिला गवळणींबद्दल सांगितलं. दिवाळीत आमच्याकडे दारात शेणाच्या बाहुल्या करतात. त्यांना गवळणी म्हणायचं. भोवती शेणाचीच भिंत, तिला एक वेस, आत गायी, विहीर, पेंद्या, गोवर्धन. सगळं मिळून गोकुळ. कृष्ण, बळी, पाऊस, गोवर्धन, शेण का पवित्र, शेणात कोणते घटक असतात, सगळं सांगितलं. लासूर येईपर्यंत माझं व्याख्यान संपलं नव्हतं.

बहीण दारात उभी होती. तिनं पोरीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि म्हणाली, "ये माय, ये. लई वाळली की गं. शहरात खायला नाय देत का?" पोरगी माझ्याकडे बघायला लागली. अंगण सारवलेलं, वर रांगोळी, आणि एका घमेल्यात ताजं शेण.

"ई!" माझी मुलगी म्हणाली.

मला इतका आनंद झाला! वर्षभरात ती माझ्यासमोर "ई" म्हणाली नव्हती.

"ई काय त्यात? हातात घे, बघ कसं मऊ हाय," बहीण म्हणाली. "तुझ्या बापाला इचार, लहानपणी ह्यातच लोळायचा."

पोरीनं जुना ड्रेस घातला, एक बोट बुडवलं, मग दोन, आणि दहा मिनिटांनी ती कोपरापर्यंत भरली होती. बहिणीनं तिला गवळण करायला शिकवलं. खाली रुंद, वर निमुळती, डोक्यावर छोटं गाडगं, डोळ्यांना ज्वारीचे दाणे. एक दळणारी, एक ताक घुसळणारी. माझी पोरगी तिसऱ्या गवळणीवर थांबली आणि तिच्या पुढ्यात शेणाची एक चपटी वडी उभी केली.

"ही काय करतीय?" बहिणीनं विचारलं.

"ही मीटिंगमध्ये आहे. हा लॅपटॉप. हिला आता हाक मारायची नाही."

बहीण पोट धरून हसली. "तुझी आई व्हय गं ही?" पोरगीही हसली, आणि मी तिकडं पाठ करून झेंडूच्या पाकळ्या तोडायला लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते.

मग तिनं विहीर करायला घेतली. तिला ती खरी पाहिजे होती, पाणी राहणारी. पहिली विहीर गळली. दुसरी फुगून फुटली. मी "चिकणमाती मिसळ, त्यानं पाणी झिरपत नाही" म्हणायला गेलो तर ती म्हणाली, "बाबा, गप बस ना, मी करतेय." मी गप बसलो. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी गप बसलो नव्हतो. तिसऱ्या वेळेला तिनं आतून शेण बोटानं गुळगुळीत करत आणलं, उन्हात थोडं सुकू दिलं, पुन्हा लिंपलं. तास तरी गेला असेल. मग ओंजळीनं पाणी ओतलं. पाणी राहिलं. तिनं श्वास रोखून बघितलं आणि मग किंचाळली, "आत्या! राहिलं!"

बहिणीनं हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. पोरीनं मला ओवाळलं, शेणाच्या वासाच्या हातानं. मी मनात म्हटलं, जिंकलो. आता तिची आई काय विचारायचं ते विचारू दे.

तेवढ्यात दाजींनी मेंढरांभोवतीचं वाघरीचं जाळं उचललं.

मेंढरं सकाळपासून कोंडलेली होती. पाठीवर गेरूचे ठिपके, म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात झेंडूची माळ. दाजींनी शीळ घातली, बहिणीनं थाळी वाजवली, आणि सगळा कळप धूळ उडवत अंगणातून सरळ गोकुळावरून गेला. वेस, भिंत, दळणारी, घुसळणारी, मीटिंगमधली, गायी, पेंद्या, सगळ्यांवरून. बहीण "गोकुळ भरलं, गोकुळ भरलं" म्हणत टाळ्या वाजवत होती. सवयीनं मीही वाजवायला लागलो. लहानपणी वर्षभरात मला सगळ्यात जास्त आवडणारा क्षण हाच होता. आम्ही भावंडं उड्या मारायचो. आमच्याकडे गवळणी करायच्याच त्यासाठी. जनावरांचे पाय त्यांच्यावरून गेले की वर्षभर दारात जनावर नांदतं, मग ते तुडवलेलं शेण गोळा करून त्याच्या गोवऱ्या थापायच्या. मला हे इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. लाव्ह्याच्या थरांपासून शेणातल्या घटकांपर्यंत सगळं सांगितलं, आणि हे एवढं राहिलं.

मी मुलीकडे बघितलं तेव्हा ती ओरडत होती. थाळीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं एवढंच. ती कळपात घुसायला निघाली, दाजींनी दंडाला धरून मागं ओढलं. धूळ खाली बसली. विहिरीच्या जागी खुराचे ठसे होते आणि एक ओला डाग.

ती माझ्याकडे धावत आली आणि दोन्ही हातांनी मला मारायला लागली. पोटावर, मांडीवर, जिथं हात पोचेल तिथं. शेणाचे पंजे माझ्या पांढऱ्या शर्टावर उमटत होते. "तुला माहीत होतं! तुला माहीत होतं ना! का नाही सांगितलं?"

"अगं, रीतच हाय ती माय," बहीण घाबरून म्हणाली. "त्याच्यासाठीच तर करतेत. हे कामून सांगायचं?"

"मला सांगायचं!" ती आत्याकडे वळून ओरडली. "मला आधी सांगायचं!" आणि ती खाली बसून, तोंड गुडघ्यात घालून रडली. कर्णपुऱ्यातल्या त्या पोरासारखी लोळली नाही, पण आवाज तेवढाच होता. मी हेवा केला होता तो याचाच. आता ते मिळालं होतं आणि ते थांबावं म्हणून मी काहीही द्यायला तयार होतो.

ती जेवली नाही. मेंढ्याच्या शिंगाला हात लावायला दाजींनी म्होरक्याला मुद्दाम मागं आणलं, तर तिकडं बघितलंही नाही. बहिणीनं शेणाचा नवा गोळा पुढं केला, तो तिनं ढकलून दिला. तीनच्या गाडीला आम्ही निघालो. बहिणीचा चेहरा उतरला होता. "मला काय ठाऊक, लेका," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "तू सांगितलं असशील असं वाटलं मला." बरोबरच होतं तिचं. ते काम माझंच होतं.

गाडीत आम्ही समोरासमोर खिडकीला बसलो. पोटूळपर्यंत ती बाहेर बघत राहिली. शर्टावरचं शेण वाळून पोपडे पडत होते. शेजारच्या बाईनं आमच्याकडे बघून पदर नाकाला लावला. माझं सगळं नियोजन मातीत गेलं होतं. आता संध्याकाळी ती दारात काय सांगणार, ते मला दिसत होतं. मी मनात "सॉरी" म्हणायची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात ती खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "ट्रेनिंग नव्हतंच ना?"

मला कळलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण कळलं, लगेच कळलं. गेल्या वर्षी मी घर सोडलं त्या सकाळी ती शाळेला निघाली होती. माझी बॅग दारात होती. तिनं विचारलं, कुठं चाललास, आणि मी म्हणालो, ट्रेनिंग आहे बेटा, थोडे दिवस. तिची आई मागं उभी होती, तीही काही बोलली नाही. मग थोड्या दिवसांचे महिने झाले. मुलगी मोठी होतेय, तिला आपोआप समजेल, असं आम्ही दोघांनी वेगवेगळं आणि एकत्र ठरवून टाकलं. सांगण्याची वेळच आली नाही, असं मी लोकांना सांगत होतो. वेळ रोज येत होती, मीच तिला चुकवत होतो.

"नव्हतं," मी म्हणालो.

"तू परत राहायला येणार आहेस का?"

"बघू," हा माझा ठरलेला शब्द जिभेवर आला होता. वर्षभर मी तो सगळ्यांना वाटत होतो. तिनं आता माझ्याकडे बघितलं, गालावर शेणाचा ओरखडा, डोळे सुजलेले. "खरं सांग. आधी सांग."

मी ठरवलं. तीन पानांच्या त्या वहीत नसलेली ही एकच गोष्ट मी त्या दिवसांत खरी ठरवून केली असेन.

"नाही," मी म्हणालो. "मी तिथं परत राहायला येणार नाही. आईला आणि मला एकत्र राहणं जमलं नाही. त्यात तुझं काहीच नव्हतं. मी गारखेड्यालाच राहीन. आणि तू म्हणशील तोवर रविवारी तुला न्यायला येईन. तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी भ्यालो."

ती रडली, पण अंगणात रडली तशी नाही, आवाज न करता. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं डोकं टेकवलं नाही आणि सरकलीही नाही. दौलताबादचा डोंगर खिडकीतून गेला, मी त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

मुकुंदवाडीला दारात तिच्या आईनं आधी पोरीकडे आणि मग माझ्या शर्टाकडे बघितलं. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, की आता विचारायचीही गरज नाही. मी चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. हट्ट करायचा नाही, हा शब्द मी दिला होता आणि मी तो पाळणार होतो.

"आई, बाबा परत राहायला येणार नाहीये," मुलगी म्हणाली. "त्यानं मला सांगितलं. तुला माहीत होतं?"

तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं. तिथं मला राग दिसला नाही. दोन माणसं एकाच चोरीत सापडली की जशी बघतात तसं ते बघणं होतं. ती चपलांच्या मांडणीवर टेकली.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

"मग तुम्ही दोघं मला कधीच का आधी सांगत नाही?"

जिन्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी लवंगी लावली, आम्ही तिघंही दचकलो. मग तिच्या आईनं, जे दिवाळीनंतर विचारायचं होतं ते तिथंच विचारलं. "रविवारी जायचंय का तुला बाबाकडे? नाही म्हणालीस तरी चालेल."

मुलीनं विचार केला. पटकन हो म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता. "जाईन," ती म्हणाली. "पण कुठं जायचं आणि तिथं काय काय होणार, ते शनिवारी फोन करून सांगायचं. सगळं. वाईट असेल ते पण." आणि ती हात धुवायला आत गेली.

पुढचा रविवार माझा नव्हता, त्याच्या पुढचा होता. शनिवारी संध्याकाळी मी फोन केला आणि सांगायला बसलो. उद्या नऊला येईन. हिमायत बागेत जायचंय. डबा माझा असेल आणि बटाट्याची भाजी बहुतेक खारट होईल. बागेत तुझ्या शाळेतली मुलं भेटू शकतात आणि विचारू शकतात की आई कुठंय. आत्याचा निरोप आहे, ती अजून ओशाळलीय. मेंढरं काल रानाकडे निघून गेली, आता उन्हाळ्यापर्यंत दिसणार नाहीत. ती ऐकत होती, मधूनच "हं" म्हणत होती. मी थांबलो.

"झालं सगळं?"

"एक राहिलं," मी म्हणालो. "सहा वाजता मी तुला सोडणार, आणि मी तिथून निघून जाणार."

"माहितीय मला," ती म्हणाली. "तरी सांगत जा."